छातीची शस्त्रक्रिया : पॅकेज नंतर, आधी डॉक्टरची पदवी बघा

मंचेरियल : ‘सकाळी या, संध्याकाळी घरी जा, पैसे हप्त्याने भरा’ अशा थाटाच्या जाहिराती मोबाईलवर येतात. छाती वाढल्याच्या लाजेने टी-शर्ट घालणं सोडलेला तरुण मग थेट हैदराबाद किंवा नागपूरची गाडी पकडतो. घरात सांगायची सोय नसते, त्यामुळे सोबत मोठं माणूसही नसतं. फसगत इथूनच सुरू होते.

शस्त्रक्रिया लागतेच का?

पुरुषांच्या स्तनवाढीला गायनेकोमॅस्टिया म्हणतात. वयात येताना अनेक मुलांना ती होते आणि बहुतेकांची सहा महिने ते दोन वर्षांत आपोआप ओसरते. काही औषधं, जिममधली स्टेरॉइड, यकृत, थायरॉइड किंवा अंडकोषाचे आजार हीही कारणं असतात. त्यामुळे काहीच न तपासता पहिल्या भेटीत ऑपरेशनची तारीख देणाऱ्याकडून सरळ उठून यावं. एकाच बाजूला टणक गाठ असेल किंवा स्राव येत असेल, तर मात्र उशीर नको. स्तनाच्या कर्करोगाच्या शंभर रुग्णांत साधारण एक पुरुष असतो.

पाटी आणि पदवी

खरा घोळ पदवीचा आहे. ‘कॉस्मेटिक सर्जन’ ही पाटी म्हणजे पदवी नव्हे. एमबीबीएस, मग एमएस जनरल सर्जरी आणि त्यावर तीन वर्षांची एमसीएच किंवा डीआरएनबी प्लास्टिक सर्जरी, ही नेहमीची वाट. 2016 मध्ये चेन्नईत केशरोपणानंतर एका वैद्यकीय विद्यार्थ्याचा जीव गेला. त्या केंद्राकडे फक्त सलूनचा परवाना असल्याचं नंतर समोर आलं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने सप्टेंबर 2022 मध्ये स्पष्टच सांगितलं, की कार्यशाळेत किंवा यूट्यूबवर बघणं हे अशा शस्त्रक्रियांचं पुरेसं प्रशिक्षण नाही.

सीमाभागात यात आणखी एक गुंता आहे. सिरोंचाचा रुग्ण मंचेरियलला येतो, मंचेरियलचा नागपूरला जातो. डॉक्टर तेलंगणा परिषदेत नोंदलेला की महाराष्ट्र परिषदेत, हे कुणी विचारत नाही. 2002 च्या नियमांनुसार चिठ्ठीवर आणि पावतीवर नोंदणी क्रमांक असायलाच हवा. तो परिषदेच्या संकेतस्थळावर टाकून नाव आणि पदवी जुळवायला पाच मिनिटं पुरतात.

पैशाचा हिशेब

निव्वळ दिसण्यासाठीच्या शस्त्रक्रियेला आरोग्य विमा सहसा लागू होत नाही. खर्च खिशातून जातो. म्हणून पॅकेजमध्ये काय येतं ते लेखी घ्या. भूलतज्ज्ञ, दाबपट्टीचं बनियन, फेरतपासण्या, काढलेल्या गाठीची पॅथॉलॉजी तपासणी आणि दुसऱ्यांदा शस्त्रक्रिया लागली तर तिचा खर्च, हे सगळं त्यात हवं. रात्री छातीत रक्त साचून सूज आली तर कुणाला फोन करायचा, हेही आधीच विचारा. हैदराबादचा सर्जन मंचेरियलपासून अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतो.

काही बिघडलंच, तर मागणी केल्यापासून 72 तासांत कागदपत्रं देणं डॉक्टरवर बंधनकारक आहे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे तक्रारदाराला तो राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते. उपचार हैदराबादला झाला, तरी चंद्रपूरच्या माणसाला चंद्रपूरच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. पण त्यासाठी पावती हवी. रोख पैसे देऊन पावती न घेणाऱ्याच्या हातात पुढे काहीच राहत नाही.