यंदाचा शब्द कोणता?

३१ डिसेंबरची रात्र. उपासना संपत आलेली असते, बाहेर फटाके सुरू झालेले असतात आणि पुढे टोपलीत वचनांची कार्डं ठेवलेली असतात. रांगेत उभं राहून आपण एक कार्ड उचलतो आणि जागेवर पोहोचायच्या आत शेजारच्याला विचारतो, "तुम्हाला काय आलं?" आशीर्वादाचं वचन आलं की चेहरा खुलतो. कान उघडणारं आलं, तर काही जण हळूच दुसरं कार्ड घेतात. (मीही घेतलं आहे. पाळकांनी पाहिलं नसावं.)

अलीकडे बऱ्याच घरांत वचनाबरोबर वर्षासाठी एक शब्दही ठरवतात. विश्वास, धीर, क्षमा, कृतज्ञता. संकल्पांची लांबलचक यादी फेब्रुवारीपर्यंत पुरत नाही, एक शब्द मात्र लक्षात राहतो. पद्धत चांगलीच आहे. फक्त शब्द निवडतानाही आपण ते दुसरं कार्डच तर उचलत नाही ना, एवढं बघायला हवं.

ही कल्पना तशी जुनी. जर्मनीतल्या हर्नहूट गावी ३ मे १७२८ च्या संध्याकाळी काउंट झिंझेंडॉर्फ यांनी मंडळीला दुसऱ्या दिवसासाठी एक वचन दिलं. पुढे रोजचं वचन सकाळी घरोघर जाऊन सांगितलं जाऊ लागलं. १७३१ सालापासून ही वचनं पुस्तकरूपाने छापली जातात, ती आजतागायत. याच मोरेव्हियन मंडळीचं काम आपल्या लेहमध्ये १८८५ साली सुरू झालं. मला यातली एकच गोष्ट फार आवडते. वचन घेऊन कोणीतरी दारात यायचं. दार उघडावं लागायचं, समोर माणूस असायचा. मोबाइलच्या वॉलपेपरवर लावलेल्या शब्दाचं तसं नाही. चौथ्या दिवसापासून तो दिसेनासाच होतो.

मागच्या वर्षी माझा शब्द होता 'ऐक'. आधाराला १ शमुवेल ३ हा अध्याय. पहाटे उठायचं, शांत बसायचं, देवाची वाणी ऐकायची, असं सुंदर चित्र माझ्या मनात होतं. जानेवारीत मी भेटेल त्याला हे सांगत होते.

दर रविवारी दुपारी वडोदऱ्याहून माझ्या धाकट्या भावाचा फोन येतो. मी फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवते आणि पोळ्या लाटते. बोलते बहुतेक मीच. मार्चमधल्या एका रविवारी तो म्हणाला, "ताई, जरा गॅस बंद करतेस?"

त्याची नोकरी जाऊन चार महिने झाले होते. नाताळात सांगायचा प्रयत्न केला होता म्हणे, जानेवारीतही एकदा. जानेवारीतला तो फोन मला चांगला आठवत होता. मी त्याला माझ्या नव्या शब्दाबद्दल सांगत होते.

त्या रात्री तोच अध्याय पुन्हा वाचला. लहान शमुवेल हाक ऐकून तीनदा एलीकडे धावत गेला, ही गोष्ट आपल्याला संडे स्कूलपासून पाठ आहे. चौथ्या वेळी तो म्हणतो की प्रभू, बोल, तुझा सेवक ऐकत आहे, आणि तिथेच आपण पुस्तक मिटतो. पुढे काय ऐकू आलं ते फारसं कोणी सांगत नाही. ज्या म्हाताऱ्या एलीने त्याला वाढवलं, त्याच्याच घराण्यावर न्याय येणार, हे त्या पोराला ऐकावं लागलं. तो सकाळपर्यंत पडून राहिला, उठून दारं उघडली, पण एलीला सांगायची भीती वाटत होती. एलीनेच आग्रह केला, तेव्हा सगळं सांगितलं.

आपल्या मराठीत 'पोरगं माझं ऐकत नाही' म्हणतो, तेव्हा पोराचे कान बिघडले असं कोणी समजत नाही. इब्री भाषेतही ऐकणं आणि आज्ञा पाळणं यांना एकच क्रियापद चालतं. मी मात्र कानापुरताच शब्द घेतला होता.

त्या दिवशी भावाला मी उपदेश केला नाही, एवढंच जमलं. तो बराच वेळ बोलला, मध्ये रडला. ऑगस्टमध्ये त्याला काम मिळालं, पगार पूर्वीपेक्षा कमी आहे. त्यात माझ्या ऐकण्याचं काही श्रेय नाही. आणि सप्टेंबरात एकदा पुन्हा फोन ओट्यावर गेला होता, हेही सांगून टाकते.

तुम्ही यंदा शब्द ठरवणार असाल, तर आधी घरातल्या कोणाला तरी विचारा, "माझ्याबरोबर राहताना तुला सगळ्यात जड काय जातं?" उत्तर आलं की लगेच खुलासा करू नका. शब्द बहुधा तिथेच सापडतो. मुलांवर आपला शब्द लादू नका, त्यांचे ते निवडतील. 'प्रेम', 'शांती' हे मोठे शब्द छान दिसतात, पण सोमवारी सकाळी त्यांचं करायचं काय ते कळत नाही. 'ऐक', 'थांब', 'परत कर' यांचं कळतं.

आणि ज्या वचनातून शब्द घ्याल, त्याच्या मागचं-पुढचंही वाचा. यिर्मया २९:११ हे नव्या वर्षाचं सगळ्यांचं लाडकं वचन. ते बाबेलात बंदिवान होऊन गेलेल्या लोकांना लिहिलेल्या पत्रात आहे. त्याच पत्रात त्यांना घरं बांधा, बागा लावा, ज्या नगरात आहात त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा असं सांगितलंय, आणि सुटकेला ७० वर्षं लागतील हे त्या वचनाच्या आदल्याच ओळीत येतं. आशा आहेच, पण ती इतकी लांब पल्ल्याची आहे.

घरात आजारपण असेल, कोणी नुकतंच गेलं असेल, तर शब्द शोधायची घाई नको. 'आज' एवढाही पुरतो.

माझा यंदाचा अजून ठरलेला नाही. 'सेवा' घ्यावा असं मनात होतं. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, "आई, तू अजून एक वर्ष त्याच इयत्तेत बस."