नेट नाही, म्हणून कॉल नाही?

वेल्ह्यातल्या आमच्या वाडीत कॉल लागतो, नेट चालत नाही. आजीला अंधुक दिसतं. मी भोरला शिकायला. ती फोनला सांगते, "नातवाला लाव." फोन म्हणतो, इंटरनेट जोडा. का? २००० सालच्या नोकिया ३३१० मध्ये आठ नंबर आवाजावर लागायचे. नाव आपल्याच आवाजात भरायचं, म्हणून मराठीही चालायची, आजीच्या बोलीतलीसुद्धा. २०१९ मध्ये गूगलच्या जीबोर्डला नेटशिवाय बोलणं आणखी चांगलं कळू लागलं. पण आधी अमेरिकन इंग्रजी. म्हणजे जमतं सगळं. आधी कुणासाठी, एवढाच प्रश्न. 'टॉवर येईल' हे उत्तर नको. टॉवर आला तरी डेटा संपतोच. मला हाक मारायला आजीने डेटा पॅक का घ्यावा? तिचा आवाज तिच्याच फोनला कळू द्या.