भंगार वेचणारीला आजोबा कोणी दिला?

डिसेंबर २०१७ मध्ये 'स्टार वॉर्स' या अमेरिकन अंतराळपट मालिकेतील 'द लास्ट जेडाय' हा आठवा भाग प्रदर्शित झाला आणि चाळीस वर्षे एकाच देव्हाऱ्यापुढे आरती करणारे भक्त एकमेकांच्या अंगावर धावून गेले. समीक्षकांचे कौल मोजणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज'वर सुमारे नव्वद टक्के समीक्षकांनी सिनेमा चांगला ठरवला. त्याच ठिकाणी प्रेक्षकांची पसंती पन्नास टक्क्यांच्याही खाली घसरली. गंमत पुढेच आहे. चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांना दारातच मत विचारणाऱ्या 'सिनेमास्कोअर'ने याच सिनेमाला 'ए' श्रेणी दिली. दारात खूश असलेला प्रेक्षक घरी जाऊन संगणकापुढे बसताच संतापतो, की संतापणारे आणि तिकीट काढणारे लोकच वेगळे? हा भाग मालिकेच्या अधिकृत कथेतून रद्द करा, अशा मागणीच्या अर्जावर लाखाहून अधिक सह्या झाल्या. सिनेमाने धंदा मात्र १३० कोटी डॉलरच्या वर केला.

प्रकाशाच्या तलवारी घेऊन आकाशात लढणाऱ्यांशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपला संबंध आजचा नाही. बाबासाहेबांनी १९४६ मध्ये डब्ल्यू. ई. बी. द्यु बॉईस यांना पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागवल्या होत्या. १९७२ साली मुंबईत 'दलित पँथर' हे नाव कुठून आले, हेही सांगायला नको. आणि या सिनेमावरून जे भांडण पेटले, त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न तर आपल्या वाचकाला जन्मापासून ठाऊक आहे. माणसाचे सामर्थ्य त्याच्या रक्तात असते की कुणातही असू शकते?

जॉर्ज ल्यूकसच्या १९७७ च्या पहिल्या सिनेमात 'फोर्स' नावाची शक्ती सगळ्या सजीवांत भरलेली आहे, असे सांगितले होते. नायक ल्यूक शेतावर राबणारा अनाथ पोरगा. म्हणजे सुरुवात बरी होती. १९८० मध्ये कळले की खलनायक डार्थ वेडर हाच त्याचा बाप. १९८३ मध्ये कळले की राजकन्या लिया त्याची बहीण. शेतकरी पोरगा बघता बघता घराण्याचा वारस झाला. १९९९ च्या 'द फॅन्टम मेनेस'मध्ये तर ल्यूकसने कमालच केली. 'फोर्स' किती आहे हे आता रक्ताच्या चाचणीने मोजता येऊ लागले! अनाकिन हा नऊ वर्षांचा गुलाम मुलगा, त्याच्या रक्तात विशिष्ट सूक्ष्मजीवांची संख्या भरपूर निघाली, म्हणून जेडाय गुरूने शर्यतीच्या पैजेवर त्याला सोडवले. त्याची आई गुलामच राहिली. गुरूला पोराचे रक्त हवे होते, गुलामी संपवायची नव्हती. चाहते तेव्हाही चिडले, पण त्यांची चीड गूढता गेली म्हणून होती. मागे राहिलेल्या त्या आईबद्दल फार कुणी बोलले नाही.

रंगाचा हिशेबही पाहून घ्यावा. डार्थ वेडरचा आवाज जेम्स अर्ल जोन्स या थोर कृष्णवर्णीय नटाचा. पहिल्या सिनेमाच्या श्रेयनामावलीत त्यांचे नाव नव्हते. ते त्यांच्याच इच्छेने नव्हते, हे सांगणे न्यायाचे. पण १९८३ मध्ये वेडरचा मुखवटा काढला तेव्हा आतून निघालेला चेहरा सबॅस्टियन शॉ या गोऱ्या इंग्रज नटाचा होता. आवाज काळा, चेहरा गोरा! १९९९ मध्ये जार जार बिंक्स हे बावळट विदूषकी पात्र आले, त्यावर कृष्णवर्णीयांची जुनी टिंगलच नव्या रूपात आणल्याची टीका झाली. ती टीका रास्त असो वा नसो, ते पात्र साकारणारा अहमद बेस्ट हा कृष्णवर्णीय नट त्याखाली भरडला गेला. त्या काळात आत्महत्येचा विचार मनात आला होता, हे त्याने २०१८ मध्ये स्वतः जगाला सांगितले. पात्र लिहिणारा ल्यूकस २०१२ मध्ये आपली कंपनी डिस्नेला चारशे कोटी डॉलरला विकून निवृत्त झाला.

डिस्नेच्या काळातला पहिला सिनेमा २०१५ चा 'द फोर्स अवेकन्स'. त्याची पहिली झलक नोव्हेंबर २०१४ मध्ये आली. सैनिकाच्या पांढऱ्या चिलखतातून एक काळा तरुण घामाघूम चेहरा वर काढतो. तो जॉन बोयेगा, लंडनमध्ये वाढलेला, नायजेरियन आईवडिलांचा मुलगा. तेवढ्यावर गोऱ्या वर्चस्ववाद्यांनी कल्लोळ केला. सिनेमावर बहिष्कार घाला, अशी हाकाटीही झाली. (बहिष्कार या शब्दाचा अर्थ त्यांना आपल्या वाचकांनी शिकवावा!) बोयेगाने शांतपणे सुनावले, की सवय करून घ्या. सिनेमाने दोनशे कोटी डॉलरच्या वर गल्ला केला. पण चीनमध्ये लावलेल्या पोस्टरवर त्याच बोयेगाचे चित्र लहान झालेले जगाने पाहिले.

बोयेगाचे पात्र फिन. लहानपणी आईबापांपासून हिसकावून सैन्यात भरती केलेला, नाव नसलेला. त्याला असतो तो एक क्रमांक. निरपराध गावकऱ्यांवर गोळ्या झाडायचा हुकूम येतो तेव्हा तो बंदूक खाली करतो, पळून जातो आणि एका सहकाऱ्याकडून नाव मिळवतो. आमच्या मते या सबंध मालिकेतले हे सर्वांत सकस बीज होते.

मग २०१७ साली रायन जॉन्सन या दिग्दर्शकाने 'द लास्ट जेडाय'मध्ये घराणेशाहीलाच हात घातला. नायिका रे ही वाळवंटात भंगार वेचून पोट भरणारी मुलगी. तिचे आईबाप कोण, यावर चाहते दोन वर्षे तर्क लढवत होते. कुणी तिला ल्यूकची मुलगी ठरवले, कुणी आणखी कुणाची. सिनेमाने सांगितले, ते कोणीच नव्हते. दारूच्या पैशांसाठी पोर विकणारे भंगारवाले. आणि सिनेमाचे शेवटचे दृश्य असे. श्रीमंतांच्या जुगारनगरीतल्या तबेल्यात राबणारा एक पोरगा मालकाचा ओरडा खाऊन बाहेर येतो, हात पुढे करतो, आणि भिंतीला टेकवलेला झाडू आपोआप त्याच्या हातात येतो. तो झाडू घेऊन तो आकाशाकडे बघतो. ज्यांच्या आज्या-पणज्यांच्या हातात झाडू बळजबरीने दिला गेला, त्यांना हे दृश्य काय सांगते ते आम्ही समजावायला नको.

आता चाहत्यांच्या रागाबद्दल. सगळे चिडलेले चाहते वर्णद्वेषी होते, असे लिहून मोकळे होणे सोपे आहे. अमेरिकेतल्या काही उदारमतवादी लेखकांनी तेच केले. ते आम्हाला मान्य नाही. काहींचे दुःख साधे होते. लहानपणीचा त्यांचा नायक ल्यूक इथे एका बेटावर हात झटकून बसलेला म्हातारा झाला होता. खुद्द ल्यूक साकारणाऱ्या मार्क हॅमिलनेही आपले मतभेद उघड सांगितले. काहींची तक्रार कथेच्या बांधणीबद्दल होती, आणि जुगारनगरीचे प्रकरण लांबले आहे हे आम्हीही मान्य करतो. तिसरी तक्रार मात्र फार कमी ऐकली गेली, आणि ती कृष्णवर्णीय चाहत्यांची होती. मागच्या सिनेमाच्या पोस्टरवर ज्या फिनच्या हातात जेडायची तलवार होती, त्याला इथे फसलेल्या मोहिमेवर का धाडले? फिन आणि रोझ यांनी जे जे केले ते सिनेमात वाया जाते, गोऱ्या पात्रांचे द्वंद्व मात्र मध्यभागी राहते. ज्या दिग्दर्शकाने झाडूवाल्या पोराला शक्ती दिली, त्यानेच फिनला बाजूला बसवले. दोन्ही खरे आहे.

आणि मग चौथा गट. त्यांचे म्हणणे एवढेच, की ही माणसे आमच्या सिनेमात कशाला? त्यांनी केली मारियन ट्रॅनला गाठले. व्हिएतनाम युद्धानंतर निर्वासित होऊन आलेल्या आईवडिलांची ही मुलगी. रोझ या भूमिकेमुळे मालिकेत प्रमुख भूमिका मिळालेली पहिली बिगरगोरी स्त्री. तिच्या वर्णावर, बांध्यावर इतकी घाण फेकली गेली की जून २०१८ पर्यंत तिच्या इन्स्टाग्राम खात्यावरून सगळे मजकूर, छायाचित्रे पुसली गेली होती. ऑगस्टमध्ये तिने 'न्यूयॉर्क टाइम्स'मध्ये लेख लिहिला. त्यात ती सांगते की नऊ वर्षांची असताना इतर मुलांच्या चेष्टेला कंटाळून तिने व्हिएतनामी बोलणेच सोडले होते. लोकांचे शब्द नुसते झोंबले नाहीत, ती त्यांच्यावर विश्वास ठेवू लागली होती. आपले खरे नाव लोआन आहे, हेही तिने त्या लेखात जाहीर केले. छळणारा परका राहत नाही, आत येऊन बसतो, हे तिने ज्या स्पष्टपणे लिहिले ते आपल्याकडच्या आत्मकथनांच्या वाचकाला ओळखीचे वाटेल.

हा चौथा गट केवढा होता? मॉर्टन बे या संशोधकाने २०१८ मध्ये दिग्दर्शक जॉन्सनला उद्देशून केलेले ९६७ संदेश तपासले. विरोधातले संदेश साधारण पाचात एक निघाले, आणि त्या विरोधातल्यांपैकी सुमारे निम्मे राजकीय हेतूने, निव्वळ डिवचण्यासाठी किंवा बनावट खात्यांवरून आलेले. काही वृत्तपत्रांनी तेवढ्यावरून सगळा राग रशियाच्या नावे खपवला, तो आगाऊपणाच. पण मूठभरांचा आवाज मोठा होता हे खरे. प्रश्न इतकाच की कंपनीने ऐकले कोणाचे?

याचे उत्तर डिसेंबर २०१९ च्या 'द राइज ऑफ स्कायवॉकर'मध्ये पाहावे. मागच्या भागात बरीच मोठी भूमिका असलेली रोझ इथे सव्वा मिनिटाच्या आसपास दिसते. पटकथाकाराने त्याचे तांत्रिक कारण दिले. दिवंगत कॅरी फिशरच्या जुन्या चित्रणाबरोबर रोझचे प्रसंग जुळले नाहीत म्हणे. असेलही. फिन सबंध सिनेमाभर रेला काही तरी सांगायचे आहे म्हणत राहतो, आणि सिनेमा संपला तरी ते सांगत नाही. १९७७ च्या समारंभात पदक न मिळालेल्या च्युबाका या केसाळ साथीदाराला मात्र ४२ वर्षांनी पदक मिळाले! चाहत्यांची ती मागणी जुनी होती, आणि ती ऐकली गेली.

आणि रे? भंगारवाल्यांची ती पोर अचानक सम्राट पॅल्पटीनची नात निघाली. तिच्यातले सामर्थ्य तिचे नव्हतेच, आजोबांच्या रक्तातून आलेले! शेवटच्या दृश्यात एक म्हातारी तिला नाव विचारते. ती म्हणते, रे. म्हातारी पुन्हा विचारते, रे कोण? म्हणजे आपल्याकडे खोली भाड्याने मागायला गेल्यावर विचारतात तेच, आडनाव काय? रे थोडी थांबते आणि 'स्कायवॉकर' हे आडनाव सांगते. घराण्याच्या रक्तापेक्षा तिने आपले नाव स्वतः निवडले, असे या दृश्याचे समर्थन केले जाते. आम्ही ते विचारात घेतले. पण निवडायचे तरी शेवटी दोन थोर घराण्यांतच. या वेळी प्रेक्षकांची पसंती उंचावली, समीक्षकांचे कौल जेमतेम निम्म्यावर आले, आणि गल्ला मागच्या भागापेक्षा पंचवीसेक कोटी डॉलरने घटला. म्हणजे ज्यांना खूश करायला एवढा खटाटोप केला, त्यांनीही पुरते पैसे दिले नाहीत.

जून २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर लंडनच्या हाइड पार्कमध्ये हजारोंसमोर बोयेगा रडत रडत बोलला. या भाषणानंतर आपल्याला काम मिळेल की नाही याची पर्वा नाही, असेही तो म्हणाला. सप्टेंबरमध्ये त्याने 'जीक्यू' मासिकाला मुलाखत दिली. काळ्या पात्राला जाहिरातीत मोठे दाखवायचे आणि मग कथेत बाजूला सारायचे, हे डिस्नेने करू नये, असे त्याने नाव घेऊन सांगितले. चेहरे हवेत, हात हवेत, तिकिटे हवीत, पण कथा कोणाची हे दुसरेच कोणी ठरवणार. बोयेगाने अब्जावधींच्या कंपनीला हे तोंडावर सुनावले. त्यानंतर कंपनीच्या प्रमुख कॅथलीन केनेडी यांनी त्याच्याशी बोलणे केले.

त्याचा काही उपयोग झाला असे म्हणायला जागा आहे. मे २०२२ मध्ये 'ओबी-वॅन केनोबी' या मालिकेतल्या मोझेस इंग्राम या कृष्णवर्णीय अभिनेत्रीवर तशाच शिव्यांचा पाऊस पडला. तेव्हा कंपनीने उघडपणे तिची बाजू घेतली आणि नायक ईवान मॅकग्रेगरने अशा लोकांना चाहते मानायलाच नकार दिला. अहमद बेस्ट २०२३ मध्ये 'द मँडलोरियन'मध्ये परतला, या वेळी विदूषक म्हणून नव्हे, तलवार चालवणारा जेडाय म्हणून. त्याला चोवीस वर्षे लागली.

झाडूवाला पोरगा २०१९ च्या सिनेमात कुठेच दिसला नाही.