गृहयंत्रविचार : एक खातें आणि घरचीं दहा माणसें

एकत्र कुटुंबांत कोणती वस्तु सर्वांची व कोणती एकट्याची, याची यादी कोणीं लिहून ठेविलेली नसते. तरी ती घरांतील प्रत्येकास पाठ असते. देवघर, माजघर, झोपाळा, भिंतीवरील दिनदर्शिका हीं सर्वांचीं. पण सुनेनें माहेराहून आणलेली पेटी तिची एकटीची, तिची किल्ली तिच्या कमरेला, आणि ती आपण उघडावी असें सासूबाईंच्याहि मनांत येत नसे. टपालानें दुसऱ्याच्या नांवाचें पत्र आलें तर तें फोडूं नये, हें तर घरांतील लहान मुलासहि फार वेळां सांगावें लागत नाहीं. ह्या न लिहिलेल्या यादींत गेल्या पंधरा वर्षांत एका वस्तूची भर पडली असून, ती कोणत्या बाजूस घालावी याचा निर्णय पुष्कळ घरांत अद्याप झालेला नाहीं. ती वस्तु म्हणजे ब्राउझरचें खातें.

ब्राउझर म्हणजे ज्याच्या द्वारें आपण इंटरनेटवरील पानें पाहतों तें साधन. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, एज हीं त्यांतील परिचित नांवें. पानें दाखविणें हें त्याचें उघड काम. परंतु दाखविलेलें लक्षांत ठेवणें हेंहि त्याचें तितकेंच मोठें काम आहे. आवडलेल्या पानांच्या खुणा म्हणजे बुकमार्क, कोणत्या दिवशीं किती वाजतां कोणतें पान उघडलें त्याचा इतिहास, बँकेचे व वीजबिलाचे पासवर्ड, घरचा पत्ता, अर्धवट वाचून उघडींच ठेविलेलीं पानें, असा सर्व ऐवज तो मुकाट्यानें सांठवीत असतो. घरांत एकच संगणक होता तोंवर हा ऐवज त्या संगणकाच्या पोटांतच राही. पुढें एकेका माणसापाशीं दोन-तीन यंत्रें आलीं. कचेरींतल्या यंत्रावर ठेविलेली खूण घरीं मोबाईलवर सांपडेना, तेव्हां सर्व यंत्रांच्या स्मृतींत मेळ घालण्याची युक्ति निघाली. तिलाच सिंक म्हणतात.

युक्ति मुळांत साधी आहे. प्रत्येक यंत्र आपल्याजवळील नोंदींची नक्कल कंपनीच्या दूरच्या संगणकाकडे, म्हणजे सर्व्हरकडे, पाठवितें. प्रत्येक नोंदीस स्वतःची एक ओळखखूण व शेवटच्या फेरफाराची वेळ जोडलेली असते. दुसरें यंत्र जागें झालें कीं तें सर्व्हरला विचारतें, ‘मागच्या भेटीनंतर नवें काय?’ आणि जें नवें असेल तें उतरून घेतें. एकच नोंद दोन ठिकाणीं बदलली असेल तर सामान्यतः मागाहून केलेला बदल खरा धरतात. खरी अडचण पुसलेल्या नोंदीची. एका यंत्रावर खूण पुसली व दुसऱ्यावर ती तशीच राहिली, तर ती नवी समजून पुन्हां सर्वत्र पसरावयाची. म्हणून पुसल्याची वार्ताहि एक स्वतंत्र नोंद करून पाठवावी लागते. कोणी वारल्याचें दूरच्या भाऊबंदांस कळविलें नाहीं तर ते त्याच्या नांवें लग्नपत्रिका पाठवीतच राहतात, त्यांतलाच हा प्रकार. आणि संगणकशास्त्रज्ञहि अशा नोंदीस थडग्यावरील शिळेचेंच नांव देतात, हें वाचकांस गमतीचें वाटेल.

ह्या युक्तीचा इतिहास फार लांब नाहीं. गूगलनें 2006 सालीं फायरफॉक्ससाठीं असें एक जोडसाधन काढलें व 2008 सालीं तें बंदहि केलें. मोझिला संस्थेनें डिसेंबर 2007 मध्यें ‘वीव्ह’ नांवाचा प्रयोग आरंभिला. तोच पुढें मार्च 2011 मध्यें फायरफॉक्सच्या चौथ्या आवृत्तींत अंगभूत झाला. क्रोममध्यें बुकमार्कांचा मेळ जानेवारी 2010 पासून होऊं लागला. मोझिलाची पहिली रीत मोठी सोंवळी होती. एका यंत्रावर दिसणारीं अक्षरें दुसऱ्या यंत्रावर हातानें घालावीं, तेव्हां दोघांची ओळख पटावयाची, आणि खरी किल्ली घरच्या यंत्रांतच राहावयाची. लोकांस तें जमेना. ज्यांच्यापाशीं एकच यंत्र होतें व तेंहि बिघडलें, त्यांच्या हातीं कांहींच राहिलें नाहीं. शेवटीं 2014 सालीं नित्याचा ई-मेल पत्ता व पासवर्ड यांवरच काम भागूं लागलें. सोय वाढली, आणि जी गोष्ट पासवर्ड सांगून होते ती आपल्या घरांत किती सहज होते, हें निराळें सांगावयास नको.

आतां मुख्य मुद्द्याकडे वळूं. ज्यांनीं ही योजना केली त्यांच्या डोळ्यांपुढें एक माणूस व त्याचीं अनेक यंत्रें असें चित्र होतें. आपल्या घरांतलें चित्र ह्याच्या उलट आहे. येथें दिवाणखान्यांत एक टॅब किंवा एक संगणक असतो आणि त्यावर आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांचे हात असतात. तो नवा आणला त्या दिवशीं थोरल्या चिरंजीवांनीं सोय म्हणून आपलेंच खातें त्यांत उघडून दिलें. तें आजतागाईत उघडेंच आहे. तेंच खातें त्यांच्या खिशांतील मोबाईलवर आहे आणि कचेरींतील लॅपटॉपवरहि आहे. यंत्राला बिचाऱ्याला एवढेंच कळतें, कीं हीं तिन्ही साधनें एकाच माणसाचीं आहेत. मग दुपारीं सामसूम झाल्यावर धाकटी जाऊ त्या टॅबवर जें वाचते तें संध्याकाळपर्यंत तिच्या दिरांच्या हातांत जाऊन पडतें, आणि ह्यांत दिरांनीं कांहींहि केलेलें नसतें.

ती काय वाचते? कदाचित् पुरणपोळीची कृति वाचत असेल. पण कदाचित् छातींत लागलेल्या गांठीविषयीं वाचत असेल. लग्नास पांच वर्षें होऊन मूल नाहीं त्यावरील उपचारांविषयीं वाचत असेल. दुसऱ्या गांवीं नोकरी मिळेल काय, हें पाहत असेल. आजोबा आपल्याला अलीकडे नांवें आठवत नाहींत तें कशामुळें, हें शोधीत असतील. जें घरांत विचारतां येत नाहीं, किंवा अजून विचारण्याचा धीर होत नाहीं, तेंच माणूस यंत्राला विचारतो. आणि मग एखाद्या दिवशीं सर्व मंडळी रेल्वेचें तिकीट काढावयास भोंवतीं जमलेलीं असतां, पत्त्याच्या जागीं कोणी दोन अक्षरें लिहितो व उरलेला शब्द यंत्र आपण होऊन पुरा करतें. त्या क्षणीं त्या बाईनें कोणाच्या तोंडाकडे पाहावें?

यावर घरचे वडील म्हणतील, ‘आमच्या घरांत लपविण्याजोगें कांहीं नाहींच मुळीं.’ हें म्हणणारे गृहस्थ स्वतः डॉक्टरांशीं बोलतांना मात्र दार ओढून घेतात, आणि तें योग्यच आहे. लपविणें आणि आपल्या वेळीं आपल्या तोंडानें सांगणें, ह्या दोन गोष्टींत अंतर आहे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनीं 24 ऑगस्ट 2017 रोजीं पुट्टस्वामी खटल्यांत एकमतानें सांगितलें कीं, खासगी जीवनाचा हक्क हा मूलभूत हक्क आहे. तो खटला सरकाराविरुद्ध होता, जाऊबाई-भाऊजींविरुद्ध नव्हे, हें खरें. तथापि जें सरकारापाशीं मागावयाचें तें सुनेला घरांत कां मिळूं नये, याचें उत्तर मला तरी सुचत नाहीं.

खातें उघडें राहण्यास नेहमीं कोणाचा आळसच कारण असतो असें नाहीं. सप्टेंबर 2018 मध्यें क्रोमची 69 वी आवृत्ति निघाली, तींत कोणी जीमेल पाहावयास आपलें नांव घातलें कीं ब्राउझरहि आपोआप त्याच्याच नांवाचा होऊं लागला. सिंक त्यामुळें लगेच सुरू होत नसे, हें खरें. पण न विचारतां केलेल्या ह्या व्यवस्थेवर जाणत्या मंडळींनीं इतकी टीका केली कीं पुढच्याच महिन्यांत ती बंद ठेवण्याचें बटण द्यावें लागलें. असे फेरफार वरचेवर होत असतात. म्हणून आपण एकदां नीट लावून ठेविलें, आतां पाहावयास नको, असें समजूं नये. ब्राउझरच्या कोपऱ्यांतील वाटोळ्या चित्रावर कोणाचें नांव आहे, हें अधूनमधून पाहावें.

पासवर्डांची गोष्ट इतिहासाहूनहि नाजूक आहे, कारण तेथें केवळ संकोचाचा प्रश्न नसून द्रव्याचा आहे. ऑगस्ट 2016 मध्यें ऑपेरा ब्राउझरच्या सिंकच्या सर्व्हरवर कोणी तरी शिरकाव केला. तेव्हां ती सोय महिन्याभरांत वापरणारे सुमारें 17 लाख लोक होते. कंपनीनें खबरदारी म्हणून सर्वांचेच सिंकचे पासवर्ड रद्द करून नवे घ्यावयास लाविले. त्याहून बोधक प्रकार सिस्को ह्या बलाढ्य अमेरिकन कंपनींत 2022 सालीं घडला. चोरांनीं कंपनीच्या तटबंदीशीं झुंज घेतलीच नाहीं. त्यांनीं एका नोकराचें खासगी गूगल खातें हस्तगत केलें. त्यानें कंपनीचे पासवर्ड आपल्या ब्राउझरांत जपून ठेविले होते व ते सिंकमुळें त्या खात्यांत जाऊन पडले होते. तेथून पुढें, फोनवर येणाऱ्या खातरजमेच्या विचारणांनीं त्याला भंडावून व फसवून, चोर आंत शिरले. ज्या घरांतील कर्ता मुलगा आपलें खातें दिवाणखान्यांतील टॅबवर उघडें टाकून कचेरीस जातो, त्या घरीं ही हकीकत मोठ्यानें वाचून दाखवावी.

मग करावें काय? सिंक बंदच करून टाकावें, असें माझें मत नाहीं. मोबाईल पाण्यांत पडला तरी नव्या मोबाईलवर सर्व ऐवज पुन्हां हजर होतो, हें सुख लहान नव्हे. फक्त खातें हें दंतमंजनाच्या ब्रशासारखें मानावें : प्रत्येकाचें निराळें, आणि त्यांत कोणाला अपमान वाटण्याचें कारण नाहीं. संगणकावर क्रोम, एज व फायरफॉक्स ह्या तिहींतहि निरनिराळ्या माणसांचीं निरनिराळीं प्रोफाइल करतां येतात. प्रत्येकाच्या खुणा, इतिहास, पासवर्ड वेगळे राहतात. मात्र प्रोफाइल म्हणजे पडदा आहे, कुलूप नव्हे. बाजूला सारणाऱ्याला तो सारतां येतो. कुलूपच हवें असेल तर संगणकांतच प्रत्येकाचें वेगळें, पासवर्डाचें खातें उघडावें. पुष्कळ अँड्रॉइड टॅबवरहि अशी सोय असते. आणि जो टॅब खरोखर सर्वांचा आहे त्यांत कोणाचेंच खातें उघडें ठेवूं नये, हें सर्वांत बरें. कोणाला थोडा वेळ कांहीं पाहावयाचें असेल तर संगणकावरील क्रोमचा अतिथि-मोड किंवा कोणत्याहि ब्राउझरची खासगी खिडकी वापरावी. ती मिटली कीं त्या यंत्रांत इतिहास मागें राहत नाहीं. इंटरनेट पुरविणाऱ्या कंपनीपासून मात्र ती खिडकी कांहीं लपवीत नाहीं, हा खुलासा विशेषतः कॉलेजांतील मंडळींसाठीं.

काय काय सिंक व्हावें हेंहि निवडतां येतें. बुकमार्क चालूं द्यावे व इतिहास बंद ठेवावा, असें करतां येतें, आणि कचेरीच्या यंत्राशीं घरच्या खात्याचा संबंधच ठेवूं नये. फायरफॉक्समध्यें सर्व ऐवज आपल्याच पासवर्डापासून केलेल्या किल्लीनें कुलूपबंद होऊन मगच घराबाहेर पडतो, त्यामुळें तो मोझिलालाहि वाचतां येत नाहीं. पण पासवर्ड विसरून नवा केला व परत मिळविण्याची किल्लीहि जवळ नसली, तर सर्व्हरवरील नक्कल गेली म्हणून समजावें. क्रोममध्यें असें स्वतंत्र कुलूप हवें असल्यास वेगळें परवलीचें वाक्य ठरवितां येतें. तें विसरल्यासहि तिकडील नक्कल पुसून नव्यानें आरंभ करावा लागतो. असें वाक्य चांगल्या कागदावर लिहून लोखंडी कपाटांत, दागिन्यांच्या पावतीशेजारीं, ठेवावें. संगणकाच्या गोष्टी संगणकांतच ठेवण्याचा हट्ट येथें उपयोगी नाहीं.

आणखी एक समज फार रूढ आहे, कीं सिंक असलें म्हणजे नक्कल सुरक्षित आहे. तशी ती नसते. नातवानें टॅबवर ‘पसारा’ आवरतांना काकांच्या दहा वर्षांच्या खुणा पुसल्या, तर वर सांगितलेल्या मृत्युवार्तेप्रमाणें त्या सर्व यंत्रांवरून क्रमाक्रमानें नाहींशा होतात. यंत्राच्या दृष्टीनें त्यानें आज्ञापालनच केलेलें असतें. म्हणून वर्षांतून एक-दोन वेळां बुकमार्कांची फाइल ‘निर्यात’ करून पेनड्राइव्हवर ठेवावी. हें काम पांच मिनिटांचें आहे. दुसऱ्याच्या भरंवशावर राहूं नये, याचें आणखी एक कारण असें कीं ह्या सोयी कंपन्या वाटेल तेव्हां बंद करतात. निरनिराळ्या ब्राउझरांत मेळ घालणारी एक्समार्क्स नांवाची लोकप्रिय सेवा 1 मे 2018 रोजीं अशीच बंद झाली.

दिवाणखान्यांतील टॅबवरून खातें काढावयाचें ठरलें, तर एवढें लक्षांत असूं द्यावें कीं ‘साइन आउट’ केल्यानें आधीं उतरलेला ऐवज आपोआप जातोच असें नाहीं. त्या वेळीं ह्या यंत्रांतील माहितीहि काढावी काय, असें विचारणारा पर्याय बहुधा समोर येतो. तो वाचून मगच पुढें जावें. खातें उघडें असतांनाच इतिहास पुसण्याची घाई केली, तर तो मोबाईलवरूनहि जावयाचा. जुना मोबाईल धाकट्या भावास, कामाच्या बाईंच्या मुलीस किंवा दुकानदारास देण्यापूर्वींहि हेंच करावें, व त्यानंतर आपल्या खात्यांतील यंत्रांच्या यादींत डोकावावें. परदेशीं गेलेल्या मुलाच्या खात्यांत पुण्याच्या माळ्यावर पडलेला लॅपटॉप अजून त्याचा म्हणून नांदत असतो. तेथून त्याचें नांव त्याला तिकडे बसूनहि काढतां येतें.

माणूस गेल्यावर त्याच्या खात्याचें काय करावें, हा याच्याच शेजारचा प्रश्न आहे. गूगलनें 2013 सालीं त्यासाठीं एक व्यवस्था केलेली असून तिचा विचार पुढील अंकीं करूं.