आठवा लागला की आठ भरले?

अकाल प्रसूतीचा धोका आधी ओळखता येतो काय, हा प्रश्न वैद्यांच्या बैठकीत निघाला की चर्चा बहुधा नाडीपरीक्षेकडे, नाही तर शहरातील महागड्या तपासण्यांकडे वळते. आमच्या मते हे भाकीत पहिल्यांदा फसते ते याहून फार साध्या ठिकाणी, म्हणजे महिने मोजण्यात.

आमच्या कोरेगाव भागात गर्भिणीची सासू 'आठवा लागला' असे सांगते तेव्हा सात महिने पूर्ण झालेले असतात. गर्भ सुमारे ३० ते ३१ आठवड्यांचा असतो. 'आठ भरले' म्हणजे सुमारे ३५ आठवडे. केसपेपरवर मात्र दोहोंची नोंद 'आठवा महिना' अशीच होते. ३७ आठवडे पूर्ण होण्यापूर्वीची प्रसूती ती अकाल, हे आपण सारे जाणतो. परंतु ३१ आणि ३५ आठवड्यांच्या अर्भकांच्या फुप्फुसांत, दूध ओढण्याच्या शक्तीत आणि अंगातील उष्णता टिकविण्याच्या क्षमतेत किती अंतर असते, हे त्या एका शब्दाने झाकले जाते.

त्यात अधिक मासाची भर. २०२३ साली अधिक श्रावण होता. आषाढी एकादशीच्या सुमारास पाळी आलेल्या स्त्रीचे दिवस घरातील वडीलधाऱ्यांनी मराठी महिन्यांच्या नावांनी बोटांवर मोजले, तर एक महिना सरळ गळतो आणि पूर्ण दिवसांची प्रसूती घरच्यांना 'आठव्यातली' वाटते. काही स्त्रियांना मूल अंगावर पीत असताना, पाळी परत येण्यापूर्वीच दिवस जातात. त्यांना सांगण्यासारखी तारीखच नसते. शिवाय दोन बाळंतपणांतील अंतर कमी असणे हाही अकाल प्रसूतीचा एक धोका आहेच.

यासाठी पहिल्या तीन महिन्यांत एक सोनोग्राफी करून गर्भाचे वय निश्चित करून घ्यावे, असा आमचा आग्रह असतो. उशिरा केलेल्या सोनोग्राफीतून काढलेले वय तितके विश्वसनीय नसते. त्याची सूत्रेही पाश्चात्त्य स्त्रियांच्या मापांवर बेतलेली होती. गुरुग्राम येथील गर्भिणींच्या नोंदींवरून फरिदाबादची टीएचएसटीआय ही संस्था व आयआयटी मद्रास यांनी भारतीय स्त्रियांसाठी वेगळे सूत्र तयार केले, ते २०२४ साली प्रसिद्ध झाले. हे काम झाले म्हणून आपले पहिल्या तिमाहीतील काम टळत नाही.

आता थोडे अवघड बोलतो. 'सातव्यातले मूल जगते, आठव्यातले जगत नाही' ही समजूत खेडोपाडी आजही ऐकू येते. तिचे मूळ आपल्याच शास्त्रात आहे. आठव्या महिन्यात ओज माता व गर्भ यांच्यात अस्थिर असते, म्हणून त्या काळातील जन्म संकटाचा, असे संहिताकारांनी सांगितले. आम्ही त्या वचनाचा अर्थ 'या महिन्यात गर्भिणीला सर्वाधिक जपा' असा घेतो. 'या महिन्यात झालेले मूल सोडून द्या' असा नव्हे. गर्भाशयातील प्रत्येक वाढीव आठवड्यागणिक अर्भकाची जगण्याची शक्यता वाढते. आठव्यातील बाळ सातव्यातील बाळापेक्षा सबळ असते. त्यासाठी घरच्यांनी हातपाय गाळण्याचे कारण नाही. वैद्याच्या तोंडून ही समजूत दुजोरा मिळवून बाहेर पडली, तर सातारच्या नवजात कक्षाकडे निघालेली गाडी दारातच थांबते.

धोका ओळखण्याच्या दृष्टीने आम्हाला त्याहून उपयुक्त वाटतो तो सुश्रुताच्या निदानस्थानातील मूढगर्भाध्यायाचा दृष्टांत. पिकलेले फळ काळ आल्यावर देठापासून आपोआप सुटते. कृमी, वात वा आघात यांनी पीडलेले फळ मात्र अकाली गळते. या तीन शब्दांचा आधार घेऊन प्रश्न विचारले तर अर्धे काम होते. कृमी म्हटल्यावर आम्ही मूत्राची तपासणी करवितो. जळजळ नसतानाही मूत्रात जंतू असू शकतात आणि ते वेळीच आवरले नाहीत तर पुढे कळांना निमित्त होतात. योनिस्रावाचा वास व रंग विचारतो, हिरड्या पाहतो. आघात म्हणजे केवळ पडणे नव्हे. आल्याची काढणी करणारी, डोक्यावरून उसाची मोळी वाहणारी स्त्री सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत काम सोडत नाही. गळीत हंगामात बीडकडून येणाऱ्या टोळ्यांतील गर्भिणींजवळ तर मागील तपासणीचा कागदही क्वचितच असतो.

या सर्वांहून मोठा प्रश्न एकच: मागचे मूल लवकर झाले होते काय? 'अकाल प्रसूती झाली होती का' असे विचारले की उत्तर 'नाही' येते. 'मागचे बाळ काचेच्या पेटीत ठेवले होते का' असे विचारावे. मुंबईहून माहेरी बाळंतपणासाठी आलेल्या मुलींना हा प्रश्न विसरू नये. त्यांचा सारा इतिहास तिकडच्या रुग्णालयात राहिलेला असतो.

तंबाखूचेही तसेच. 'तंबाखू खाता का' या प्रश्नाला आपल्याकडील स्त्री नकारच देते, आणि ती खोटे बोलत नसते; ती मिश्री लावते, आणि मिश्री म्हणजे तिच्या लेखी दात घासणे. मुंबईतील १२१७ स्त्रियांचा एक अभ्यास २००४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. धूरविरहित तंबाखू, त्यातही प्रामुख्याने मिश्री, वापरणाऱ्या गर्भिणींची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, गर्भारपण सुमारे सहा दिवसांनी घटले आणि ३२ आठवड्यांपूर्वीच्या प्रसूतीची शक्यता जवळजवळ पाचपट आढळली. तरीही गर्भिणी परिचर्येच्या किती छापील पत्रकांवर मिश्रीचा उल्लेख असतो, हे वाचकांनी आपापल्या टेबलावर पाहावे.

औषधविक्रेत्या बंधूंना एक स्पष्ट विनंती. 'मागचे राहिले नाही, गर्भपाळ द्या' असे म्हणत नवरा किंवा सासू दुकानात येते आणि डबी हातात पडते. गर्भपाल रसात हिंगुळ आहे, नाग भस्म आहे, वंग भस्म आहे. हिंगुळासारखी द्रव्ये असलेल्या औषधाच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना कायद्यानेच सांगितली आहे. ती शोभेसाठी नाही. शिसे शरीरात साठले तर त्याने गर्भास अपाय होतो आणि अकाल प्रसूतीचा धोकाही वाढतो. २०११-१२ मध्ये न्यूयॉर्क शहरात भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधे घेतलेल्या सहा गर्भिणींच्या रक्तात वाढलेले शिसे आढळले. शुद्ध भस्माची ती औषधे नव्हती, असे म्हणून आपण हात झटकू शकतो. पण दुकानातील डबीत काय आहे याची परीक्षा गिऱ्हाइकाला करता येत नाही. जी स्त्री सर्वाधिक धोक्यात आहे तीच हे औषध मागते, आणि ते मिळाल्याच्या समाधानात तपासणीचे चार-सहा आठवडे निघून जातात. ही डबी वैद्याच्या चिठ्ठीशिवाय देऊ नये, असे आमचे ठाम मत आहे.

बस्ती व पिचूविषयीही सावध असावे. आठव्या महिन्यातील आस्थापन, नवव्यातील अनुवासन व योनिपिचू ही आपली परंपरा खरी. परंतु महिन्याची मोजणीच चुकली असेल तर नवव्याचा पिचू आठव्यात पडतो. ज्या स्त्रीचे मागील मूल लवकर झाले, जिला रक्तदर्शन झाले आहे किंवा जिचे गर्भाशयमुख आखूड आहे, तिला आम्ही हे उपक्रम देत नाही. चरकाने गर्भिणीची तुलना काठोकाठ भरलेल्या तैलपात्राशी केली आहे; पात्र हिंदकळणार असेल तर उपक्रम थांबविणे हेही शास्त्राला धरूनच आहे.

गर्भाशयमुखाची लांबी पाचव्या महिन्यातील सोनोग्राफीच्या वेळीच योनिमार्गे मोजता येते. ती २५ मिलिमीटरहून कमी असल्यास स्त्रीरोगतज्ज्ञ योनिमार्गे प्रोजेस्टेरॉन देतात, काहींना टाका घालतात. पूर्वी अकाल प्रसूती झालेल्या प्रत्येक स्त्रीस आपण होऊन या मोजमापासाठी पाठवावे. दर महिन्याच्या ९ तारखेला शासकीय रुग्णालयांत गर्भिणींची मोफत तपासणी करण्याची योजना २०१६ पासून आहे. तिचाही लाभ घ्यावा.

धोक्याची नोंद नसलेल्या स्त्रियांचीही प्रसूती लवकर होते. म्हणून पोट थांबून थांबून दगडासारखे होणे, नवीन सुरू झालेली कंबरदुखी, पाणी जाणे ही लक्षणे प्रत्येक गर्भिणीस व तिच्या घरच्यांस सांगून ठेवावीत. २४ ते ३४ आठवड्यांच्या दरम्यान कळा सुरू झाल्यास बाळाच्या फुप्फुसांसाठी डेक्सामेथासोनची चार इंजेक्शने, दर बारा तासांनी एक, अशी केंद्र शासनाची २०१४ ची मार्गदर्शिका आहे. पहिले इंजेक्शन आरोग्यसेविकाही देऊन पुढे पाठवू शकते. त्याचा पूर्ण गुण येण्यास एक-दोन दिवस लागतात. अशा वेळी काढा देऊन रात्रभर वाट पाहणे म्हणजे नेमके तेच तास घालविणे होय. १०८ ला दूरध्वनी करावा आणि सोबतच्या चिठ्ठीवर 'आठवा महिना' असे न लिहिता शेवटच्या पाळीची तारीख, पहिल्या सोनोग्राफीची तारीख आणि त्या दिवशी भरलेले आठवडे, एवढे ठळक अक्षरांत लिहावे.