खर्जाचा पल्ला

सिंदफणेकाठच्या शिरूर कासारसारख्या गावात मिरवणूक कोठवर आली, हे दुकानाच्या गादीवर बसूनही कळते. प्रथम कानी येते ती ढोलाची घुमणारी थाप. काही वेळाने ताशाची तडतड. आणि झांजांचा खणखणाट तर मिरवणूक जवळ आल्यावरच. वाजत असतात सारी वाद्ये एकाच वेळी. मग बारीक स्वर वाटेत हरवतात कोठे?

ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातील चढउतार. खर्जात ते सेकंदाला पन्नास-शंभर वेळा होतात, झांजेच्या नादात हजारो वेळा. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की ध्वनी पसरून सुमारे 6 डेसिबलने उतरतो. ही घट उंच आणि खालच्या स्वरांना सारखीच. भेद पडतो तो हवेच्या जकातीमुळे. हवेचा चिकटपणा, उष्णतेचे वहन आणि प्राणवायू व नत्रवायू यांच्या रेणूंची अंतर्गत कंपने यांत ध्वनीची थोडी ऊर्जा सतत उष्णतारूपाने खर्ची पडते. जितकी आंदोलने अधिक, तितक्या वेळा जकात. 20 अंश तापमान आणि 70 टक्के आर्द्रता असता 125 हर्ट्झचा स्वर दर किलोमीटरला जेमतेम 0.3 डेसिबल गमावतो, 1000 हर्ट्झचा 5, तर 8000 हर्ट्झचा सुमारे 77! हत्ती आपल्या कानांना ऐकू न येणाऱ्या खर्जात परस्परांना साद घालतात, हे 1984 मध्ये केटी पेन यांच्या ध्यानी आले. काही किलोमीटर दूरच्या कळपाशी बोलायचे, तर याहून काटकसरीचा मार्ग नाही.

दुसरे कारण भिंतींचे. 100 हर्ट्झच्या तरंगाची लांबी जवळजवळ साडेतीन मीटर, 5000 हर्ट्झची जेमतेम 7 सेंटिमीटर. लांब तरंग घराच्या कोपऱ्याला सहज वळसा घालतो. आखूड तरंग अडतो आणि मागे सावली सोडतो. शिवाय वारंवारता निम्मी झाली की तीच भिंत साधारण 6 डेसिबल कमी अडवते. खिडकी लावताच गाण्याचे शब्द नाहीसे होतात, परंतु धडधड आत येते आणि दुकानाचे शटर थरथरू लागते, ते यामुळेच.

येथे कायद्याची एक मेख आहे. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे; पण मोजणी ‘ए’ भाराने होते. मंद आवाजातील खर्ज कानाला कमी जाणवतो, या आधारावर त्या मोजणीत 63 हर्ट्झच्या स्वरातून तब्बल 26 डेसिबल वजा होतात. अर्थात 86 डेसिबलचा तो स्वर मापकावर 60 भरतो. काटा खोटा नाही, वजने निराळी आहेत. खाटेवरील रुग्णाच्या छातीत जाणवणारी धडधड मात्र या वजावटीने हलकी होत नाही. ‘सी’ भाराने मोजल्यास याच स्वरातून एक डेसिबलही जात नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले, म्हणजे खर्ज किती दडला होता ते उघड होते.

तपस्वींच्या शोभायात्रेसाठी वाजंत्र्यांना सुपारी देताना बहुतेक घरांत एवढेच बजावले जाते, की आवाज बेताचा ठेवा. ते अपुरे आहे. भोंग्यांवरील स्तवन पुढच्या चौकात विरते. पाच गल्ल्या ओलांडून जातात ते बेसचे मोठे खोके. सुपारीच्या वेळीच ते खोके वगळावयास सांगावे. सनई, झांजा आणि मंडळींचा कंठस्वर यांना त्यांची गरजही नसते.