श्वासाची साक्ष, रक्ताची कसोटी

टाइप-१ मधुमेह जडलेल्या मुलाला दिवसातून अनेकदा बोटाला सुई टोचून रक्तातील साखर पाहावी लागते. इन्शुलिन तर त्याचे जन्माचे सोबती. अशा वेळी नळीत नुसती फुंकर मारली की साखर कळेल, ही कल्पना पालकांना मोहवील यात नवल नाही. अर्व्हाइन येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २००७ साली अशा १० मुलांवरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. रक्तातील साखर चढली की उच्छ्वासातील मिथाइल नायट्रेट वाढते, असे त्यांना आढळले. वाट आशादायक खरी. पण वाट म्हणजे मुक्काम नव्हे.

उच्छ्वासात शेकडो द्रव्ये अत्यल्प प्रमाणात असतात आणि आहार, उपवास, व्यायाम यांनी ती बदलतात. ज्या अ‍ॅसिटोनचा विशेष गाजावाजा होतो, ते तर मुख्यतः किटोनची साक्ष देते, साखरेची नव्हे. इन्शुलिन अपुरे पडले की शरीर चरबी जाळू लागते, किटोन साचतात आणि श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. मात्र उपाशी राहिलेल्या निरोगी माणसाच्या श्वासातही अ‍ॅसिटोन वाढतेच. इन्शुलिनची मात्रा अशा संदिग्ध खुणेवर कशी ठरवावी? आकडा चुकून मात्रा जादा झाली, तर साखर घसरून मूल बेशुद्ध पडू शकते. त्वचेला छेद न देता साखर मोजण्याचा दावा करणाऱ्या घड्याळांविरुद्ध व अंगठ्यांविरुद्ध अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला, तो याच धोक्यापायी.

म्हणून श्वासपरीक्षा टाकाऊ ठरते काय? मुळीच नाही. किटोन वाढल्याची वेळीच सूचना देणे, हेही प्राण वाचवणारे कार्य आहे. संशोधनाला त्यासाठी अवश्य बळ द्यावे. परंतु उद्याच्या यंत्राकडे डोळे लावून आजच्या गरजेकडे पाठ फिरवणे हा शहाणपणा नव्हे. आज या मुलांना हवी आहेत ती परवडणारी इन्शुलिन व तपासणी-पट्ट्या, आणि शाळेत समंजस वागणूक. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०१७ साली मधुमेही विद्यार्थ्यांना परीक्षागृहात खाद्यपदार्थ नेण्याची मुभा दिली. तसा विचार करण्यास कोणतेही यंत्र लागत नाही. वर्गात गळून गेलेल्या विद्यार्थ्याला आळशी न ठरवता, त्याची साखर घसरली असेल हे ओळखणारा शिक्षक हे आज हाती असलेले साधन आहे. ते आधी प्रत्येक शाळेत पोहोचले पाहिजे.